खमिराची कोकरं

आमच्या वाड्याचा कारभारी खंडेराव. त्याला मेंढरातलं फारसं कळत नसे आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज आम्हा सगळ्यांना माहीत होती. तरी कारभारी तोच. कारण त्याचा बाप कारभारी होता, त्याचा आवाज मोठा होता आणि बाकीच्या नऊ घरांतले आम्ही पुरुष मान हलवण्यात तरबेज होतो.

वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. आम्ही धनगर, चांदवडच्या पूर्वेला माळावर आमची वस्ती. दसरा झाला की दहा घरांची मेंढरं एकत्र करायची, घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं आणि आग्रा रोडच्या कडेकडेनं पिंपळगाव, नाशिक, इगतपुरी करत घाट उतरून कोकणात जायचं. पावसाळ्याच्या तोंडावर परत. या चालत्या बिऱ्हाडाला आम्ही वाडा म्हणतो. एकट्या घराला ते जमत नाही. लांडगा आहे, ट्रक आहेत, रानात मेंढरं बसवायची तर शेतकऱ्यांशी बोलणी आहेत. ज्याला वाड्यानं टाकलं त्यानं मेंढरं मोडायची आणि मालेगावला यंत्रमागावर जाऊन कानात कापूस घालून बसायचं.

त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्यात माळ सुकलाच नाही. मेंढ्यांचे खूर सडले, त्या चरायला जाईनात, त्यांचं दूध आटलं आणि दोन महिन्यांच्या कोकरांना हगवण लागली. खंडेरावानं मनमाडहून एका दुकानातून गोळ्यांचा डबा आणला. हिरव्या, करंगळीच्या पेराएवढ्या गोळ्या. देवळापुढं सगळ्यांना बोलावून त्यानं त्या प्रसादासारख्या वाटल्या.

"रोज एक. कोकरू धडधाकट व्हईस्तवर."

डब्यात कागद होता. मी चार वर्षांपूर्वी वस्तीवरच्या रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलो होतो, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. कागद मी बोट ठेवून वाचला. त्यात लिहिलं होतं, तीन दिवस द्या, जास्त देऊ नका.

मी म्हणालो, "खंडू, तीनच दिवस लिवलंय हितं."

"गोटीदादा, चार अक्षरं शिकला तं डाक्टर झाला का?" तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं आणि आठवलं की तोंड कडू होतं. कागद घडी करून मी खिशात ठेवला आणि घरी जाऊन माझ्याही कोकरांना नऊ दिवस गोळ्या दिल्या, कारण सगळे देत होते.

हगवण थांबली. खंडेराव छाती काढून फिरला. पण कोकरं रवंथ करीनात. पाला पुढं टाकला तर दोन पानं चावायची आणि मान खाली घालून उभी राहायची. पोटं पखालीसारखी लोंबली, पाठीचे मणके वर आले आणि मांडीवरची लोकर हात लावला की निघून येऊ लागली. माझी त्यातल्या त्यात बरी होती, कारण माझ्या मेंढ्यांना थोडं दूध होतं. सगळ्यांत वाईट हाल बयाबाईच्या कोकरांचे.

बयाबाई माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा काळू मालेगावला मागावर. पस्तीस मेंढ्या आणि एकवीस कोकरं ती एकटी सांभाळत होती, म्हणजे बाईमाणसानं एकटीनं जेवढं सांभाळावं त्याहून जास्त. खंडेरावाला हे कायम टोचत असे. तिच्या मेंढ्या आपल्या कळपात मिसळाव्यात आणि तिनं पोराकडं जाऊन नातवंडं खेळवावीत, असं त्यानं तीनदा सुचवून पाहिलं होतं. तिनं तिन्ही वेळा ऐकूच आलं नाही असं दाखवलं होतं.

आता त्यानं बैठक बसवली. भादव्याचे दिवस. उभं राहून म्हणाला, "औंदा नियम करायचा. अधू कोकरू वाड्याला मागं ओढतं. ज्याची निम्मी कोकरं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं चालत नसतील, त्या घरानं वाड्यात यायचं नाय."

नियम कोणासाठी होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बयाबाईच्या एकवीसपैकी तेव्हा तीन कोकरं धड उभी राहत होती. बहिरू नावाचा आमचा एक भाऊबंद आहे, बोलायच्या आधी खंडेरावाच्या तोंडाकडं पाहणारा. तो म्हणाला, "रास्त हाय." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. दोन्हींत फार फरक नसतो.

बयाबाई उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "चालतील." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती सरळ चांदवडच्या गुरांच्या दवाखान्यात गेली. मी बरोबर गेलो, कारण माझी बायको अक्काबाई म्हणाली, "बैठकीत तं दातखीळ बसली व्हती, आता निदान पाय तरी हलवा." दवाखान्यातले मोठे डॉक्टर कुठल्याशा बैठकीला गेले होते. जयराम नावाचा तरुण स्टॉकमन होता. हा मनमाडचा, रेल्वेतल्या खलाशाचा मुलगा, बौद्ध. आमच्या वस्तीवर लस टोचायला येई तेव्हा खंडेराव त्याला लांबच्या धोंड्यावर बसवी आणि चहा नारळाच्या करवंटीत देई. जयराम तो चहा शांतपणे मातीत ओतून करवंटी जागेवर ठेवून द्यायचा आणि मग खंडेरावाच्या मेंढ्यांना टोचायचा. सुई मात्र हळू टोचायचा. मेंढ्यांचा काय दोष, असं म्हणे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. गोळ्या किती दिवस दिल्या हे ऐकल्यावर कपाळाला हात लावला.

"मावशी, कोकराच्या पोटात डोळ्याला न दिसणारे जीव असतात. गवत ते पचवतात, कोकरू नाही. आईच्या तोंडातून, चाटण्यातून ते पोटात उतरतात. तुम्ही नऊ दिवस गोळी दिली. वाईट मेले, त्यांच्यासंगं चांगलेही मेले. आता पोटात गेलेलं गवत नुसतं पडून राहतंय."

बयाबाई म्हणाली, "आमची सासू म्हाताऱ्या मेंढीच्या तोंडातला रवंथाचा घास काढून कोकराच्या तोंडात द्यायची. खंडूभाऊजींनी घाण म्हणून बंद केलं ते."

"तेच आधी सुरू करा. निरोगी मेंढी बघून, रोज एकदा. आणि जोडीला खमीर द्या. बेकरीत पावाला लावतात ते. दुधाला विरजण लावता ना, तसं हे पोटाला विरजण. बाजरीचा बारीक भरडा मूठभर आणि कोमट पाण्यात दोन चमचे खमीर. पण एक ध्यानात ठेवा. बोटाला चटका बसेल असं पाणी नको. खमीर जिवंत असतं. उकळलं की मेलं, मग ते नुसतं पीठ."

"औषध नाय का दुसरं?" मी विचारलं.

"हाय ना. गोळ्या हायत," तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं मला लागलं, पण लागावं असंच मी विचारलं होतं.

मालेगावला काळूच्या खोलीमागंच इस्माईलची बेकरी होती. आम्ही तिथं गेलो. इस्माईलनं पिठाचे हात पुसले आणि बयाबाईकडं बराच वेळ पाहिलं.

"कोकरू को खमीर? बाई, इससे पाव फुलता, बकरी नहीं फुलती."

"फुगाया नगं बाबा," बयाबाई म्हणाली, "उभं ऱ्हायाला पायजे."

तो हसत सुटला. मग मडकं भरून खमीर दिलं आणि शिकवलंही. रोज मूठभर पीठ आणि गुळाचा खडा घाला, सावलीत ठेवा, तोंड गच्च बांधू नका. शेवटचं बयाबाईनं ऐकलं नाही. एस.टी.त सांडू नये म्हणून तिनं मडक्याच्या तोंडाला फडकं गुंडाळून सुतळीनं आवळलं. राहूडच्या घाटात गाडीचे धक्के आणि ऊन. मडक्यानं जोर धरला आणि फडकं उडालं. फेस थेट शेजारच्या कांद्याच्या दलालाच्या पांढऱ्या धोतरावर. गाडीभर आंबूस वास सुटला.

कंडक्टर म्हणाला, "आजी, हातभट्टी लपवून न्यायची तं निदान चांगली तरी बांधायची."

"कोकरांची हाय."

"कोकरांची? मग कोकरांना तिकीट काढा."

चांदवडला उतरेपर्यंत गाडीत हसणं चाललं होतं. आम्ही पायी वस्तीवर पोचायच्या आत बातमी सायकलवरून पोचली होती: बयाबाई मेंढरांना दारू पाजते.

खंडेरावाला एवढं पुरेसं होतं. पुन्हा बैठक. "दारूच ती. वर मुसलमानाच्या भट्टीतली. सांगणारा कोण, तं तो मनमाडचा. अशी कोकरं बिरोबाच्या वाड्यात चालायची नायत. बयावहिनीची वाघर आजपासून पन्नास पावलं लांब."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. पन्नास पावलं लांब म्हणजे लांडग्याच्या पन्नास पावलं जवळ. हा खंडेराव मनमाडच्या स्टँडवर चहात बुडवून एका बैठकीला तीन पाव खातो. ते कुठल्या खमिरानं फुगतात हे मी त्याला विचारायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण बहिरू म्हणाला, "रास्त हाय," आणि मी बिडी पेटवली.

बयाबाईनं वाघर उचलली आणि पन्नास नव्हे, शंभर पावलं लांब नेली. "वास यायला नगं तुमाला," म्हणाली.

मग ती कामाला लागली. सकाळी मेंढ्या रवंथाला बसल्या की तिच्याकडची भुरी म्हातारी मेंढी ती गुडघ्यांत धरी. डाव्या हातानं जबडा उघडी, उजव्या हाताची दोन बोटं गालात घालून हिरवा, ऊन घास काढी आणि तो कोकराच्या जिभेच्या मुळाशी ठेवून हनुवटी वर धरी. कोकरू गिळेपर्यंत सोडत नसे. एका मेंढीकडून दोन-तीन घास, मग दुसरी मेंढी. दुपारी भरडा आणि कोमट पाण्यातलं खमीर. पाणी ती कोपर बुडवून पाही, तान्ह्या पोराच्या अंघोळीचं पाहतात तसं. दोन कोकरं पहिल्या आठवड्यात मेली. त्या दिवशी खंडेराव मुद्दाम तिच्या वाघरीवरून गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "नशा चढली वाटतं."

बयाबाईनं मान वर केली नाही. तिच्या मांडीवर तिसरं कोकरू होतं.

दहाव्या दिवशी मी तिकडं गेलो तर ती म्हणाली, "भाऊजी, गप बसा आन् ऐका." मी बसलो. ऐकायला काही नव्हतं. मग कळलं. कडेला बसलेलं एक काळं कोकरू जबडा हलवत होतं. कर्र, कर्र. थांबलं, गळ्यातून गोळा वर आला, पुन्हा कर्र. ते रवंथ करत होतं. बयाबाईनं तोंडावर पदर घेतला. मी इकडंतिकडं बघितलं, कारण मला काय करावं ते कळेना. घरी येऊन मी अक्काबाईला म्हणालो, "आपल्याबी कोकरांना देऊ." ती म्हणाली, "मी चार दिवसांपासनं देतेय. तुमाला वास आला नाय का?"

हळूहळू आणखी घरांतल्या बायका दुपारच्या वेळी, पुरुष रानात असताना, वाटी घेऊन बयाबाईकडं जाऊ लागल्या. पुरुषांना हे कळत होतं. पण कळलं असं दाखवलं तर खंडेरावाच्या बाजूनं बोलावं लागलं असतं, म्हणून कोणाला कळत नव्हतं.

खंडेरावाची कोकरं चाळीस. त्यातली उभी राहणारी दिवसेंदिवस कमी होत होती, कारण हगवण पुन्हा लागली तशी त्यानं पुन्हा गोळ्या सुरू केल्या होत्या. दसऱ्याला पंधरा दिवस राहिले तेव्हा त्याची बायको कलाबाई पण वाटी घेऊन बयाबाईकडं आली. मी तिथं वाघरीची गाठ बांधत होतो.

"माझं पोट बिघडलंय, वहिनी," कलाबाई म्हणाली. "म्हनलं खमीर घेऊन बघावं."

"किती पोटं बिघडलीत?" बयाबाईनं विचारलं.

कलाबाई रडायला लागली. "बावीस."

बयाबाईनं वाटी बाजूला ठेवली आणि तिची कळशी भरून दिली. चार वेळा सांगितलं: कोमट पाणी, विस्तवावर ठेवायचं नाय, गोळ्या बंद, आन् रवंथाचा घास रोज. कलाबाईनं चारही वेळा मान डोलावली.

आठ दिवसांनी ती परत आली. काही फरक नव्हता. उलट आणखी चार बसली होती.

"घास देते का?"

"ते घाण म्हणतात. देऊ देत नायत."

"आन् खमीर?"

"खमीर देतात. आपल्या हातानं देतात. शुद्ध करून."

बयाबाईचा हात थांबला. "शुद्ध कसं?"

कलाबाईनं सांगितलं. भट्टीतलं म्हणून खंडेरावानं कळशीत आधी गोमूत्र ओतलं. त्यावर बिरोबाचा भंडारा टाकला, चांगला ओंजळभर. मग तुळशीची पानं. मग चुलीवर ठेवून सात उकळ्या आणल्या, प्रत्येक उकळीला देवाचं नाव घेऊन. त्याची पिवळी खीर झाली. थंड झाल्यावर ती तो कोकरांना रोज सकाळी पाजत होता. शिवाय वर एक गोळी, कमी पडायला नको म्हणून.

मी आयुष्यात बरेच मूर्ख पाहिले. आपण केलेल्या खड्ड्यात पडणारे पाहिले, दुसऱ्याला ढकलताना स्वतः पडणारे पाहिले. पण जिवंत वस्तू चोरून आणवायची, तिला मंत्र म्हणत ठार मारायचं आणि मग ती मेलेली वस्तू जीव वाचावा म्हणून पाजत राहायचं, असा माणूस एकच पाहिला. आणि तो आमचा कारभारी होता.

बयाबाई हसली नाही. म्हणाली, "कलाबाई, त्यांना सांग, जयरामला विचार. माझं ऐकू नगं, त्याचं ऐक."

"त्याचं तर मुळीच ऐकायचे नायत," कलाबाई म्हणाली. आणि ते खरं होतं.

दसरा झाला. आपट्याची पानं वाटली, देवाची पालखी निघाली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर दहा घरांची मेंढरं माळावर उभी राहिली. बयाबाईची एकोणीस कोकरं जिथं तिथं उड्या मारत होती. एक तर खंडेरावाच्या घोड्याच्या पोटाखालून दोनदा जाऊन आलं. आठ घरांची कोकरं चालती होती. कोणाची जास्त, कोणाची कमी. खंडेरावाची चाळिसातली तेरा उभी होती, बाकीची मेली होती किंवा पोत्यांवर आडवी होती.

खंडेराव देवळातून बाहेर आला. कपाळावर भंडारा.

"कौल मिळाला नाय," तो म्हणाला. "देवानं उजवं फूल दिलं नाय. आठ दिवस थांबायचं."

आठ दिवस म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं. वडाळीभोईपासून इगतपुरीपर्यंतची रानं ठरलेली असतात. सोयाबीन नव्हतं तेव्हा, बाजरी निघाली की शेतकरी मेंढरांची वाट पाही, आणि आपण गेलो नाही तर सिन्नरकडचे दुसरे वाडे ती रानं धरत. आठ दिवसांनी जाणाऱ्याला घाटापर्यंत उपाशी मेंढरं हाकावी लागतात.

बयाबाई पुढं आली. "भाऊजी, देवाला तुमची कोकरं दाखवली का आधी?"

बहिरूला हसू आलं. त्यानं त्याचा खोकला केला.

"बाईमाणसानं देवाच्या मधी बोलू नये."

"देवाचं नाय, नियमाचं बोलते. निम्मी कोकरं चालली नायत तं ते घर वाड्यात नाय. हा नियम कुणी केला व्हता?"

"नियम वाड्यासाठी असतो," खंडेराव म्हणाला. "कारभाऱ्यासाठी नसतो."

मी त्याचा एवढ्यापुरता मान राखतो की हे त्यानं उघड बोलून दाखवलं. आम्ही इतकी वर्षं ते न बोलता मानत आलो होतो.

बयाबाई आमच्याकडं वळली. एकेका पुरुषाकडं पाहिलं. माझ्याकडं आली तेव्हा थांबली नाही, बाकीच्यांइतकाच वेळ पाहिलं. मला वाटलं होतं माझ्याकडं जरा जास्त पाहील. मग तिनं जिभेनं टाळूवर आवाज केला, भुरी म्हातारी मेंढी चालू लागली आणि पस्तीस मेंढ्या, एकोणीस कोकरं तिच्या मागं रस्त्याकडं उतरू लागली. एकटी बाई, एक घोडं, एक कुत्रं. आग्रा रोडवर ट्रकांचे भोंगे ऐकू येत होते.

मी उभाच होतो. काय करावं याचा विचार करत होतो. म्हणजे विचार नव्हे, कोणी तरी आधी हलेल याची वाट पाहत होतो.

मागून अक्काबाई म्हणाली, "घोडं लादून झालंय. तुमचं ठरंस्तवर च्या टाकू का?"

मी मेंढरं सोडली. खंडेराव ओरडला, "गोटीदादा, पाय टाकला तं परत वाड्यात घ्यायचो नाय!" मी वळून काहीतरी खमंग बोलायला हवं होतं. सुचलं नाही. "बरं," म्हणालो आणि चालू लागलो. रस्त्याला लागल्यावर मागं पाहिलं तर बहिरूची मेंढरं उतरत होती. बहिरू तोंड फिरवून चालत होता, जणू मेंढरांनीच त्याला ओढत आणलंय. त्याच्यामागं आणखी सहा घरं. माळावर एक घर उरलं.

बयाबाईला मी गाठलं तेव्हा म्हणालो, "वहिनी, आलो."

"दिसतंय," ती म्हणाली. "मागं ऱ्हावा. पुढं मी हाय. ट्रक आला की कडेला घ्या, तेवढं जमंल ना?"

जमलं.

वडाळीभोईच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या बाजरीच्या रानात आम्ही उतरलो. बोलणी बयाबाईनं केली. शेतकऱ्यानं आधी विचारलं, "कारभारी कुठाय?" ती म्हणाली, "कोकरं आजारी हायत त्यांची." शेतकऱ्याला ते पुरलं. त्याला मेंढरं हवी होती, कारभारी नको होता.

तिसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, रस्त्यावर एक टेम्पो थांबला. वर ताडपत्री. ड्रायव्हरशेजारून खंडेराव उतरला. मेंढ्या एका नातेवाइकाच्या हवाली करून त्यानं मागून हाकत आणायला सांगितल्या होत्या आणि कोकरं टेम्पोत घातली होती. धनगराची कोकरं टेम्पोतून आलेली मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या बायका काम सोडून बघायला आल्या. एकट्या घराला वाडा काढता येत नाही, हे त्याला तीन दिवसांत कळलं होतं. आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, पण ते त्याला कधी सांगायची वेळ आली नव्हती.

कलाबाईनं ताडपत्री उचलली. चार कोकरांनी वाटेतच मान टाकली होती. उरलेल्यांतली निम्मी एकमेकांच्या अंगावर पडली होती.

"उतरवा की खाली," बयाबाई म्हणाली. "कोंबून मारता का ऱ्हायलेली?"

खंडेराव जागचा हलला नाही. बायकांनीच कोकरं उतरवली. बयाबाईनं म्हातारी मेंढी गुडघ्यांत धरली, घास काढला आणि पहिल्या कोकराचं तोंड उघडलं.

खंडेराव म्हणाला, "हात धुतले का?"

मला खरंच वाटलं की आता तिला राग येईल. पण ती कामातून मानही न उचलता म्हणाली, "धुतले असते तं तुमच्या कोकराच्या काय उपेगाचे?"

कलाबाई तिच्याशेजारी बसली आणि दुसरी मेंढी धरायला लागली. तिला जबडा उघडता येत नव्हता. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि मग बोटं आत घातली. मेंढीनं चावा घेतला. तिनं बोटं काढली नाहीत.

मग खंडेरावाला आठवलं की तो कारभारी आहे. रानाकडं बोट करून म्हणाला, "वाघरी तिकडं बांधाकडंला लावा. हितं वारं लागंल."

कोणी हललं नाही. बहिरूनं आधी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग बयाबाईच्या. मग पहार उचलली आणि सांगितलेल्या जागी, म्हणजे बयाबाईनं दुपारी सांगितलेल्या जागी, खुंटासाठी खड्डा घ्यायला लागला. माझ्या हातात हातोडा होता.

मी खंडेरावाला म्हणालो, "मेख धर."

त्यानं धरली नाही. कलाबाई उठली, लुगड्याला हात पुसले आणि तिनं धरली.